जमिनीखालचे तेल आणि जमिनीखालचे पाणी



विहीर म्हटली की ती पाणी काढण्यासाठी, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आज ज्या विहिरीची हकीकत मी सांगणार आहे, तिचे पाणी कोणी पीत नाही, शेताला देत नाही. तिच्यावर रहाट नाही की मोट नाही. पेट्रोल पंपाच्या आवारात जमिनीशी सपाट बसविलेली, चारपाच बोटे रुंदीची ती एक नळी असते आणि तिच्या तोंडाशी कुलूपबंद झाकण असते. महिन्यातून एकदा एक माणूस येतो, झाकण उघडतो, आत एक निमुळता पोहरा सोडतो, वर आलेल्या पाण्यावर तेलाचा थर आहे काय ते पाहतो, वहीत नोंद करतो आणि झाकण लावून निघून जातो. नुसते पाहण्यासाठी खणलेली ही विहीर. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८८ साली तिला कायद्यात स्थान मिळाले. ती तेथे का आली, तिने काय साधले आणि काय साधणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते, हा आजचा विषय आहे. पेट्रोलच्या टाक्या आपल्याही गावात जमिनीखालीच आहेत. तेव्हा हा इतिहास परका मानण्याचे कारण नाही.

मुळात तेलाची टाकी जमिनीखाली गेली कशी, हे आधी पाहू. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८५ साली, अमेरिकेतील फोर्ट वेन गावच्या सिल्व्हेनस बाउझर नावाच्या गृहस्थाने रॉकेल मोजून देणारा एक हातपंप तयार करून एका वाण्याला विकला. त्या वाण्याच्या दुकानात रॉकेलचे पिंप आणि लोण्याचे पिंप शेजारी शेजारी होती, रॉकेल झिरपे आणि गिऱ्हाईक लोण्याला रॉकेलचा वास येतो म्हणून परत येई, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला असेलही, परंतु आजच्या पेट्रोल पंपाचा हा पूर्वज गळक्या तेलाच्या तक्रारीतून जन्मला, एवढे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे मोटारी आल्या. १९०५ साली सेंट लुई शहरात मोटारींना पेट्रोल भरून देण्याचे स्वतंत्र ठिकाण निघाले आणि १९१३ च्या डिसेंबरात पिट्सबर्ग येथे आजच्या धर्तीचा, गाडी आत नेऊन उभी करावयाचा पंप सुरू झाला. आता प्रश्न लोण्याचा राहिला नाही, आगीचा झाला. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. भर वस्तीत हजारो लिटर पेट्रोल जमिनीवर ठेवणे म्हणजे दारूगोळ्याचे कोठारच. तेव्हा अग्निशामक अधिकाऱ्यांनी व विमा उतरविणाऱ्यांनी जो उपाय स्वीकारला तो सरळ होता: टाकी पुरा. मातीखाली ठिणगी पोहोचत नाही, हवा पोहोचत नाही, मोटारीची धडक बसत नाही. त्या काळच्या दृष्टीने हा सल्ला शहाणपणाचाच होता, आणि आगीपुरता तो आजही शहाणपणाचा आहे. आपल्याकडेही तेच धोरण आले. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालचे नियम पाहिले तर आगीची व स्फोटाची चिंता पानोपानी दिसते. या टाक्यांना परवाना देणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. त्याच्या मुख्य अधिकाऱ्याचे अधिकृत नावच ‘विस्फोटकांचे मुख्य नियंत्रक’ असे आहे. भीती कशाची होती हे त्या नावातच आले.

आगीची भीती गेली, पण टाकीही दृष्टीआड झाली. ती साध्या पोलादी पत्र्याची असे. ओलसर मातीत पोलाद ठेवले की त्याच्या पृष्ठभागावर लहान लहान विद्युत्‌घट तयार होतात आणि एकेका बिंदूशी धातू झिजत जातो. टाकी सगळी एकदम सडत नाही. सुईच्या अग्राएवढे भोक पडते आणि उरलेली टाकी ठणठणीत असते. यावर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. हंफ्री डेव्हीने १८२४ सालीच जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून दाखविले होते की, झिजायचे काम दुसऱ्या धातूकडे सोपविता येते. जहाजांना, नळांना ती युक्ती लावली गेली. पेट्रोलच्या टाकीला मात्र बहुतेक ठिकाणी लावली नाही, कारण तिला पैसे पडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींचा सुकाळ झाला, रस्तोरस्ती पंप निघाले आणि लक्षावधी उघड्या पोलादी टाक्या पुरल्या गेल्या. पंधरा-वीस वर्षांत त्या एकापाठोपाठ एक पाझरू लागणार, हे कोणाही लोहाराला सांगता आले असते.

मग गळती कोणाच्या लक्षात येत नव्हती काय? पंपावर रोज डिप घेतात, म्हणजे खुणा केलेली काठी टाकीत सोडून तेलाची उंची पाहतात. आलेले तेल, विकलेले तेल आणि उरलेले तेल यांचा ताळा बसला पाहिजे. पण पेट्रोल उष्णतेने फुगते. तापमान एका अंशाने वाढले की हजार लिटरमागे सुमारे एक लिटर वाढते. दहा हजार लिटर पेट्रोल पाच अंशांनी निवले तर पन्नास लिटर कोठेही न सांडता कमी भरते. त्यात काठी वाचण्यातली चूक, मापाच्या यंत्रातला फरक, उडून गेलेली वाफ हे सर्व मिळवा. थोडी तूट म्हणजे धंद्यातली नेहमीची घट, असे मानण्याची सवय व्यवस्थापकाला लागते, आणि त्याला दोष देता येत नाही. परंतु तासाला चहाच्या तीन पेल्यांइतके तेल गळत असेल तर महिन्याला अडीचशे लिटरांच्या वर जाते, आणि ते सगळे वहीतल्या त्या नेहमीच्या घटीत सुखाने लपून राहते.

हे तेल जाते कोठे? भूजलाची चाल समजून घेतल्यावाचून पुढील हकीकत कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. जमिनीखाली पाण्याची नदी वाहते अशी पुष्कळांची कल्पना असते. प्रत्यक्षात पाणी मातीच्या, वाळूच्या कणांमधील फटींत असते आणि उताराच्या दिशेने अत्यंत संथपणे सरकते. चांगल्या वाळूत दिवसाला काही बोटे ते एकदोन हात. या चालीचा नियम आन्री दार्सी या फ्रेंच इंजिनियराने १८५६ साली छापला. दार्सी काही विद्यापीठातला तत्त्ववेत्ता नव्हता. आपल्या दिजों गावाला त्याने झऱ्याचे शुद्ध पाणी आणून दिले आणि त्या नळयोजनेवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या एका परिशिष्टात वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून केलेले प्रयोग दिले. एका नगराच्या पिण्याच्या पाण्यासाठी राबलेल्या माणसाचा तो नियम आज जगभर गावांच्या विहिरी राखण्यास कामी येतो.

तर पेट्रोल टाकीतून निघाले की प्रथम सरळ खाली उतरते. वाटेतल्या मातीला काही चिकटून राहते, काहीची वाफ होते. उरलेले पाण्याच्या पातळीशी येऊन थबकते, कारण ते पाण्यापेक्षा हलके असते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यावर तेलाचे इंद्रधनुष्य आपण पाहतो, तसाच थर जमिनीच्या पोटात पसरतो आणि पाण्याच्या उताराकडे सरकू लागतो. येथपर्यंत प्रकरण डोळ्यांनी दिसण्याजोगे असते. परंतु पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, ते शेकडो पदार्थांचे मिश्रण आहे. त्यांतील बेंझीन पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, आणि ते माणसाला रक्ताचा कर्करोग करते हे सिद्ध झालेले आहे. विरघळलेले बेंझीन तरंगत नाही, रंग दाखवीत नाही. ते पाण्याबरोबर पाणी होऊन चालू लागते.

अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात बेंझीनची मर्यादा लिटरला पाच मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती दहा धरली आहे. या पाचाचा अर्थ काय? पेट्रोलमध्ये वजनाने शंभरात एक भाग बेंझीन धरले तर एका लिटरात साडेसात ग्रॅम येते. ते सर्वच्या सर्व पाण्यात गेले तर पंधरा लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत बिघडवू शकते. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडील प्रमाण घेतले, तर हे अकरा हजार वस्तीच्या गावाचे एका दिवसाचे पाणी झाले. अर्थात हे कागदावरचे गणित आहे. प्रत्यक्षात पुष्कळ बेंझीन उडून जाते आणि पुष्कळ मातीतले जंतू खाऊन टाकतात. तरी एका लिटरचा पल्ला कोठवर जाऊ शकतो याची कल्पना यावी.

असा प्रसंग खरोखरीच एका गावावर गुदरला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर केप कॉड नावाची वाळूची लांब जीभ समुद्रात घुसली आहे. तिच्या टोकाशी प्रॉव्हिन्सटाउन हे मासेमारीचे व प्रवाशांचे गाव. भोवती खारे पाणी. गोडे पाणी मिळते ते वाळूत मुरलेल्या पावसाचे, खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या एका भिंगासारख्या साठ्यातून. गावाच्या नळविहिरी शेजारच्या ट्रुरो गावच्या हद्दीत होत्या. १९७७ च्या डिसेंबरात असे आढळले की, या विहिरींपासून सुमारे सहाशे फुटांवरच्या एका पंपाच्या टाकीतून सुमारे तीन हजार गॅलन, म्हणजे अकरा हजार लिटरांच्या आसपास पेट्रोल वाळूत गेले आहे. विहिरींचा उपसा चालू ठेवावा तर तो उपसाच तेलाला विहिरीकडे ओढून आणणार! तेव्हा विहिरी बंद कराव्या लागल्या आणि गावाने जवळच्या हवाई दलाच्या तळावरील विहिरींतून पाणी घेतले. गळती एकदा झाली, पण ती निस्तरण्याचे काम कित्येक वर्षे चालले. एका गावाच्या पाण्याचे भवितव्य एका पत्र्याच्या टाकीवर अवलंबून होते आणि त्या टाकीकडे पाहणारा कोणी नव्हता, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

अशी प्रकरणे ठिकठिकाणी निघू लागली. कोठे तळघरात वास येई, कोठे नळाला. १९८३ च्या डिसेंबरात तेथील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा विषय घरोघरी नेला, आणि पुढील वर्षी, १९८४ च्या नोव्हेंबरात, टाकाऊ पदार्थांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भूमिगत टाक्या मध्यवर्ती सरकारच्या नियमनाखाली आल्या. १९८५ पासून उघड्या पोलादी टाक्या नव्याने पुरण्यास बंदी झाली. १९८६ साली पेट्रोलच्या गॅलनमागे एक सेंटचा दहावा भाग इतकी पट्टी बसवून, ज्यांचा मालक सापडत नाही अशा गळत्या निस्तरण्यासाठी निधी उभारला गेला. तपशीलवार नियम १९८८ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले. जुन्या टाक्या सुधारा नाहीतर काढा, त्यासाठी १९९८ च्या २२ डिसेंबरपर्यंत दहा वर्षांची मुदत, आणि मध्यंतरी प्रत्येक टाकीवर गळती ओळखण्याची काहीतरी पद्धत चालू ठेवा, असा त्यांचा रोख होता. त्या पद्धतींपैकी एक म्हणजे आपली ही पाहण्याची विहीर.

नियमांनी या विहिरीला घातलेल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. नियमांची भाषा रुक्ष असली तरी प्रत्येक अटीमागे कोठेतरी ठेच लागलेली दिसते. पाण्याची पातळी जमिनीपासून वीस फुटांच्या आत असली पाहिजे; कारण पाणी खोल असेल तर तेल वरच्या मातीतच मुरत राहते आणि विहिरीत दिसेपर्यंत फार उशीर होतो. टाकी व विहीर यांच्यामधली माती वाळू-खडीसारखी झिरपती हवी. दार्सीच्या परिभाषेत तिची वाहकता सेकंदाला सेंटिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी नको. चिकणमातीत ही विहीर म्हणजे देखावा. नळीच्या अंगाला असलेल्या फटी उन्हाळ्याच्या खोल पातळीपासून पावसाळ्याच्या वरच्या पातळीपर्यंत पुरल्या पाहिजेत, म्हणजे तेल कोणत्याही ऋतूत आत येऊ शकेल. वरचा भाग घट्ट बुजविलेला हवा. एरवी फरशीवर सांडलेले पेट्रोलच विहिरीत उतरेल आणि टाकीवर नाहक आळ येईल. विहीर ठळक खुणेने ओळखता आली पाहिजे आणि कुलूपबंद असली पाहिजे. याचे कारण ऐकून हसू येईल. टाकीचे तोंड आणि विहिरीचे तोंड जवळ जवळ व सारखेच दिसणारे. टँकरवाल्याने विहिरीलाच टाकीचे तोंड समजून नळी जोडली आणि पेट्रोल थेट भूजलात सोडले, असे प्रकार घडलेले आहेत. चोर पकडण्यासाठी ठेवलेल्या पहारेकऱ्याच्याच हातून घर लुटले जावे, तशातला हा मामला.

विहीर कोठे खणावी हा आणखी एक प्रश्न. जमिनीचा वरचा उतार आणि खालच्या पाण्याचा उतार एकच असेल असे नाही. पाणी कोणीकडे चालले आहे हे एका विहिरीवरून कळत नाही, दोहोंवरूनही कळत नाही. तीन विहिरी त्रिकोणात खणून तिन्हींतील पाण्याची उंची एकाच दिवशी मोजली, म्हणजे पाण्याचा उतार निश्चित होतो. हे ज्यांनी केले नाही त्यांची विहीर टाकीच्या वरच्या अंगाला पडे, आणि वर्षानुवर्षे ‘तेल आढळले नाही’ अशी नोंद अगदी प्रामाणिकपणे होत राही.

आता या पद्धतीचे खरे मोल काय? माझे मत असे की तिचा मोठा गुण आणि मोठा दोष एकच आहे. टाकीतले तेल मोजणाऱ्या सर्व पद्धती मालकाच्या मालाचा हिशेब करतात. ही एकटी पाण्याकडे पाहते. पण पाण्यात पाहते, म्हणजेच पाणी बिघडल्यावर पाहते. नियमाप्रमाणे तिला एक-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर ओळखता आला की पुरे. तीन मिलिमीटर थर आणि लिटरला पाच मायक्रोग्रॅम यांच्यातले अंतर श्रोत्यांनीच मनाशी मोजावे. म्हणून अमेरिकेतील पहारा हळूहळू पाण्याकडून टाकीकडे सरकत गेला. प्रथम टाकीत स्वयंचलित मापक बसले. पुढे दुहेरी भिंतीच्या टाक्या आल्या. आतली भिंत फुटली तर तेल दोन भिंतींमधल्या पोकळीत येते आणि मातीला लागण्यापूर्वीच इशारा मिळतो. २०१५ च्या सुधारित नियमांनी, एप्रिल २०१६ नंतर बसणाऱ्या नव्या टाक्यांना हीच पद्धत सक्तीची केली.

छोट्या पंपवाल्यांना हे सारे जड गेले, यात शंका नाही. पुष्कळांनी १९९८ च्या मुदतीपूर्वी धंदाच गुंडाळला. तेथे १९८४ नंतर पंधरा लाखांहून अधिक टाक्या बंद झाल्या आणि साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली. यांतील बऱ्याच गळत्या टाकी उकरून काढताना प्रथमच दिसल्या. त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणे आता साफ झालेली आहेत, हेही सांगितले पाहिजे.

सफाईच्या बाबतीत निसर्ग थोडा दयाळू निघाला. कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ साली शेकडो गळत्यांच्या विहिरींतील नोंदी एकत्र तपासल्या. बेंझीनचा पट्टा बहुतेक ठिकाणी दोनतीनशे फुटांच्या आत थांबतो असे त्यांत दिसले, कारण मातीतले जंतू ते खात जातात. तेव्हा प्रत्येक ठिकाणी लाखो डॉलर खर्चून पाणी उपसत बसण्याऐवजी मूळ गळती बंद करावी आणि विहिरींतून लक्ष ठेवावे, असा विचार बळावला. पाहण्याच्या विहिरीला अशा रीतीने दुसरे काम मिळाले: रोग ओळखण्याचे नव्हे, तर रोगी बरा होतो आहे की नाही हे पाहण्याचे.

पण नेमक्या त्याच वर्षी, त्याच कॅलिफोर्नियात, सांता मोनिका शहराच्या विहिरींत एक निराळाच पदार्थ सापडला. त्याचे लांबलचक रासायनिक नाव सोडून एम. टी. बी. ई. एवढेच म्हणू. शिसे काढून टाकल्यावर पेट्रोलचा दर्जा राखण्यासाठी तो १९७९ पासून मिसळला जात होता. १९९० च्या हवाशुद्धीच्या कायद्यानंतर, धूर कमी व्हावा म्हणून, काही शहरांत शंभरात अकरा ते पंधरा भाग इतका मिसळू लागले. तो पाण्यात बेंझीनच्या अनेक पटींनी विरघळतो, जंतूंना सहसा पचत नाही आणि मातीला फारसा चिकटत नाही. म्हणून तो पाण्याच्याच वेगाने पुढे धावतो. लिटरभर पाण्यात वीस ते चाळीस मायक्रोग्रॅम असला तरी टर्पेंटाइनसारखा वास येऊ शकतो. सांता मोनिकाला १९९६ साली चार्नॉक व आर्केडिया येथील विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा गेला. बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. चार्नॉकचे पाणी शुद्ध करून पुन्हा नळाला येण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. कॅलिफोर्नियाने १९९९ साली हा पदार्थ हद्दपार करण्याचे ठरविले आणि २००४ च्या आरंभापासून तो तेथील पेट्रोलमधून गेला. हवा शुद्ध करण्यासाठी घातलेले औषध पाण्याला बाधले. आगीच्या भीतीने टाकी पुरली तेव्हाही पाण्याचा विचार कोणी केला नव्हता, आणि धुराच्या भीतीने हा पदार्थ मिसळला तेव्हाही तो पुरेसा झाला नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा आहे. येथे केप कॉडची वाळू नाही. वरची काळी चिकणमाती पाणी सावकाश सोडते. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला खडक. पाणी या भेगांतून चालते आणि भेग कोणत्या दिशेला जाते हे तीन विहिरींच्या त्रिकोणावरून नेमके सांगता येत नाही. टाकीशेजारची विहीर कोरी राहावी आणि दोन गल्ल्या पलीकडच्या बोअरला वास यावा, असे खडकाळ भूमीत घडू शकते. शिवाय आपली पाणीपातळी मे महिन्यात जितकी खाली जाते तितकीच पावसाळ्यानंतर वर येते; कित्येक ठिकाणी हा फरक काही मीटरांचा असतो. उन्हाळ्यात पातळीबरोबर तेलही खाली उतरते आणि पावसाळ्यात वर आलेल्या पाण्याखाली मातीत अडकून पडते. अशा वेळी ऑक्टोबरात पोहरा सोडला तर स्वच्छ पाणी वर येईल आणि मे महिन्यात त्याच विहिरीत तेल दिसेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षात अनेकदा मोजत आलेली आहे. ते काम मोलाचे आहे, परंतु त्याचा मुख्य हेतू पाणी किती उरले हे जाणणे हा आहे. पेट्रोल पंपाच्या आवारातली विहीर ही निराळी गोष्ट.

गोव्यात २०२३ च्या ऑगस्टमध्ये दाबोळीजवळच्या माटवे गावी विहिरींत आणि शेतांच्या पाण्यात पेट्रोलजन्य पदार्थ उतरले आणि विहिरीने पेट घेतल्याचे वृत्त आले. तेथे गळती टाकीची नव्हती, जमिनीखालून जाणाऱ्या नळाची होती. पण तेलाचा जमिनीखालचा प्रवास तोच. ती गळती प्रथम लक्षात आली ती उपकरणाला नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या ज्या विहिरीचे पाणी भरले त्या विहिरीवर गेलेल्या माणसांना. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. शाळा, रुग्णालये आणि वस्ती यांपासून पन्नास मीटरांची अट त्यांत आहे, आणि गळती झाल्यास माती व भूजल यांचे काय करावे याचाही विचार त्यांत आला आहे. आगीपलीकडे पाहण्यास आपणही आरंभ केला आहे, असे यावरून म्हणता येईल. जुन्या पंपांचा प्रश्न मात्र नव्या पंपांच्या अटींनी सुटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या विशेष जिव्हाळ्याची आहे. पेट्रोलमध्ये शंभरात वीस भाग इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, आणि त्या इथेनॉलचा मोठा वाटा उसाचा, म्हणून आपल्या साखर कारखान्यांचा आहे. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो ही समाधानाचीच बाब आहे. परंतु इथेनॉल पाण्यावर तरंगत नाही, ते पाण्यात पूर्ण मिसळते. मातीतल्या जंतूंना ते बेंझीनपेक्षा अधिक रुचते. ते आधी इथेनॉल खातात, त्यात जवळचा प्राणवायू संपवितात, आणि बेंझीन तोवर पुढे सरकत राहते. दोनतीनशे फुटांत पट्टा थांबतो हा १९९५ चा दिलासा अशा पेट्रोलला तसाच्या तसा लावता येत नाही. टाकीच्या तळाशी थोडे पाणी साचले तरी इथेनॉल त्यात उतरते आणि तेथे गंजाला जोर येतो. डिपच्या काठीला लेप लावून तळचे पाणी पाहण्याची पंपावरची जुनी रीत या कारणाने अधिकच महत्त्वाची झाली आहे. फक्त तो लेप इथेनॉल मिसळलेल्या पाण्यालाही रंग बदलणारा असावा लागतो.

आपल्या शहरांत आणखी एक प्रकार वाढत चालला आहे. मध्यवस्तीतले जुने पंप बंद होतात, त्या जागांना सोन्याचे मोल येते, वर इमारती उठतात आणि त्याच आवारात रहिवाशांसाठी बोअर घेतात. अमेरिकेच्या नियमांत टाकी कायमची बंद करताना खालची माती व पाणी तपासून त्याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे टाकीच्या परवान्याबरोबर जागेचा मंजूर नकाशा असतो आणि त्यात टाक्या कोठे होत्या हे दाखविलेले असते. घर घेणाऱ्याने किंवा बोअर घेणाऱ्या मंडळींनी तो नकाशा मागून पाहावा, टाकी उकरून काढली की वाळू भरून तशीच सोडली हे विचारावे, आणि त्या बोअरचे पाणी पिण्यास घेण्यापूर्वी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत बेंझीनसाठी तपासून घ्यावे. नेहमीच्या क्षारांच्या तपासणीत बेंझीन दिसत नाही. ते नाव घेऊन सांगावे लागते.